तज्ज्ञांचा सल्ला घ्या म्हणता, पण तो तज्ज्ञ गावात बसून शोधायचा कसा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात मानसिक आरोग्यावर काही आलं की मी शेवटपर्यंत वाचते. लेख चांगले असतात, प्रश्नच नाही, पण शेवटची ओळ ठरलेली, "त्रास जास्त वाटल्यास तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा". आणि हल्ली त्याला शेपूट जोडतात की आता ही सेवा ऑनलाइनही मिळते. मिळते ना, कोण नाही म्हणतंय. पण कोणाकडे जायचं, तो माणूस खरा आहे का, घरात चार माणसं असताना बोलायचं कुठून, रेंज गेली तर काय, आणि जमलं नाही तर सोडायचं कधी, यातलं एक अक्षर कोणी छापत नाही. शहरातल्या वाचकाला एक डॉक्टर पटला नाही तर पुढच्या चौकात दुसरा असतो, खेड्यातला माणूस एकदा हिंमत करतो, आणि तेव्हा चुकीच्या जागी पडला की परत वर्षभर नाव काढत नाही. म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, कापायचं तर कापा.

माझ्या धाकट्या भावाला पॅनिक अटॅक यायचे. छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, आता आपण मरतो की काय असं वाटायचं आणि थोड्या वेळाने आपोआप उतरायचं. ईसीजी नॉर्मल, रक्त नॉर्मल, डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका. टेन्शन घेऊ नका हे ऐकून ज्याचं टेन्शन गेलं असा माणूस मला अजून भेटायचाय. मानसोपचारतज्ज्ञ होते पण इतके लांब की जाऊन येण्यात अख्खा दिवस जाणार, कामावर खाडा पडणार, आणि त्या दवाखान्याच्या दारात कोणी बघितलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत. त्यामुळे ऑनलाइन हा आमच्यासाठी नुसता सोयीचा नव्हे, एकमेव मार्ग होता.

पण त्याआधी एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण ऑनलाइनवाले बहुतेक सांगत नाहीत. आधी शरीराची तपासणी करून घ्या. थायरॉइड जास्त झालं की अशीच धडधड आणि घाबरल्यासारखं होतं, थायरॉइड कमी पडलं की उदास आणि सुस्त वाटतं, रक्त कमी असलं, बी12 कमी असलं तरी थकवा, चिडचिड, कशात मन न लागणं हे सगळं होतं. स्क्रीनपलीकडच्या माणसाला तुमची नाडी बघता येत नाही, डोळ्यांची पापणी ओढून बघता येत नाही, तेवढं काम जवळच्या साध्या डॉक्टरकडून करून घ्यायचं आणि मग पुढे जायचं. भावाचं थायरॉइड नॉर्मल निघालं तेव्हाच आम्ही शोधायला बसलो.

आणि शोधायला बसलं की पहिली गंमत. सर्च केलं की वरच्या वर जे येतं त्यातलं बरंचसं जाहिरात असतं, म्हणजे ते वर आहे कारण त्यांनी पैसे भरलेत, चांगलं आहे म्हणून नाही. मग हसऱ्या चेहऱ्यांचे प्रोफाइल. "सर्टिफाइड लाइफ कोच", "माइंडसेट एक्स्पर्ट", "हीलर", शेकडो लोकांचं आयुष्य बदललं वगैरे. यात डिग्री कुठली, कुठून, नोंदणी नंबर काय, हे शोधून सापडत नाही. मी भावाला म्हटलं ज्याच्या प्रोफाइलमध्ये स्वतःची स्तुती जास्त आणि शिक्षण कमी लिहिलंय तो बाजूला ठेव, निम्मी यादी तिथंच साफ झाली!

इथं लोकांचा फार घोळ होतो म्हणून सरळ सांगते. सायकियाट्रिस्ट म्हणजे आधी एमबीबीएससारखं डॉक्टरकीचं शिक्षण घेऊन मग मनाच्या आजारात स्पेशल झालेला, तो औषधं देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे मानसशास्त्रात वरचं शिक्षण आणि रुग्णांसोबत देखरेखीखाली काम केलेला, तो बोलून उपचार करतो, औषध सहसा देत नाही. काउन्सेलर हा शब्द सगळ्यात सैल, त्यात उत्तम शिकलेली माणसंही आहेत आणि चार वीकेंडचा कोर्स केलेलीही. लाइफ कोच व्हायला बहुतेक ठिकाणी कुठलंच लायसन लागत नाही. म्हणजे पाटी कुठली हे बघायचं नाही, पाटीमागे काय आहे ते विचारायचं. जिथं नोंदणीची पद्धत आहे तिथं त्या संस्थेच्या यादीत नाव आणि नंबर दोन्ही जुळतायत का बघायचं, पाच मिनिटांचं काम आहे. आणि परदेशातला थेरपिस्ट, म्हणजे बोलून उपचार करणारा, घेताना अजून एक अडचण, बऱ्याच ठिकाणी नियम असा की सेशनच्या वेळी पेशंट जिथं बसलाय तिथलं लायसन लागतं, थेरपिस्ट कुठं बसलाय याला महत्त्व नाही. पुढे काही बिनसलं तर तक्रार कोणाकडे करायची हा प्रश्न तिथंच अडकतो.

सुरुवातीला भाऊ एका ॲपवर गेला, नाव घेत नाही. तिथं प्रश्नावली भरायची, मग ते "तुमच्यासाठी योग्य" थेरपिस्ट लावून देतात. एकदा एक बाई, पुढच्या वेळी दुसरे एक सर, त्याच्या पुढच्या वेळी अजून कोणीतरी, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचं. तिसऱ्याला सांगताना तो इतका सपाट आवाजात सांगत होता की मला वाटलं हा पाढे म्हणतोय. थेरपीत जे काय घडतं ते बऱ्याच अंशी समोरच्यावर विश्वास बसण्यावर असतं, हे या क्षेत्रातले लोक कित्येक वर्षं सांगतायत, आणि तीच गोष्ट मोडून टाकायची म्हणजे काय म्हणायचं? माझं मत तेव्हापासून पक्कं झालंय की ॲप निवडू नका, माणूस निवडा. तो माणूस एखाद्या ॲपवर सापडला तर हरकत नाही, पण पुढच्या आठवड्यातही तोच असणार ना, हे पैसे भरायच्या आधी विचारून घ्या.

बरेच थेरपिस्ट पहिला छोटा कॉल देतात, दहापंधरा मिनिटांचा. लोक त्यात स्वतःची कहाणी सांगत बसतात आणि वेळ संपतो. तो कॉल तुम्ही त्यांची मुलाखत घ्यायची म्हणून वापरायचा. माझ्या या त्रासाचे पेशंट तुम्ही बघितलेत का, कुठल्या पद्धतीने काम करता, साधारण किती सेशन लागतात, फरक पडतोय हे आपल्याला कसं कळणार, माझ्याबद्दलची टिपणं कुठं ठेवता, मध्येच मला फार त्रास झाला तर काय करायचं. आणि विचारताना लाजायचं नाही. चांगला माणूस या प्रश्नांना चिडत नाही, उलट त्याला बरं वाटतं. "माझ्यावर विश्वास ठेवा, शंभर टक्के बरं करतो" असं जो म्हणेल त्याला नमस्कार करून फोन ठेवायचा. आणि भाषा, हो. शिकलेसवरलेले लोकही इंग्रजीतला थेरपिस्ट घेतात कारण तो भारी वाटतो, पण रडताना, शिव्या देताना, बापाबद्दल बोलताना माणूस आपल्या बोलीवरच येतो, आणि तिथं समोरच्याला भाषांतर करून सांगायला लागलं की अर्धा जोर निघून जातो.

आता खरी खेड्यातली गोष्ट, जागा. लेखात लिहितात "शांत, खासगी जागा निवडा". कुठली? ज्या घरात खोल्या कमी आणि माणसं जास्त, दाराला कडी लावली तर "काय झालं, कडी का लावली" म्हणून हाक येते, तिथं पन्नास मिनिटं कोणाला न कळता बोलायचं म्हणजे चेष्टा आहे का. भावाने हे असं सोडवलं, घरापासून लांब गाडी उभी करायची, काचा वर, कानात वायरवाला इयरफोन (ब्लूटूथवाला मध्येच उतरतो चार्जिंग नसलं की), फोन स्टिअरिंगला टेकवून. त्या ॲपनंतर त्याला ज्या कायमच्या थेरपिस्ट बाई मिळाल्या, त्या पहिल्या मिनिटाला दोन गोष्टी विचारायच्या, आत्ता तू कुठं आहेस आणि आसपास कोण आहे. मला आधी वाटलं काय या चौकश्या, नंतर कळलं की पहिला प्रश्न जिवासाठी असतो, म्हणजे काही झालंच तर मदत कुठं पाठवायची ते त्यांना माहीत पाहिजे, आणि दुसरा प्रश्न मोकळं बोलता यावं म्हणून. त्यांच्यात एक खूण ठरली होती, कोणी गाडीजवळ आलं की हा म्हणायचा "हो मॅडम, रिपोर्ट पाठवतो", की त्या लगेच विषय बदलायच्या. ज्याच्याकडे गाडी नाही त्याने काय करायचं, हे मी पुढे लिहिते.

रेंजचं सांगायचं तर व्हिडिओच पाहिजे हा हट्ट सोडा. व्हिडिओ अडकत अडकत चालला की माणूस नेमका सगळ्यात अवघड वाक्य बोलत असतो आणि समोरचा चेहरा गोठलेला, मग "हॅलो, आवाज येतोय का" आणि सगळं मुसळ केरात. त्यापेक्षा साधा फोन बरा. आणि हे मी मनाचं सांगत नाही, 2012 साली जामा या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा प्रयोग छापून आला होता, डिप्रेशनच्या 325 लोकांना अर्ध्यांना फोनवर आणि अर्ध्यांना समोरासमोर तीच थेरपी, सीबीटी (विचार करायच्या आणि वागायच्या सवयी बदलायला शिकवणारी पद्धत) दिली. उपचार संपले तेव्हा दोन्ही गट साधारण सारखेच सुधारले होते आणि फोनवाल्यांनी मध्येच सोडून देण्याचं प्रमाण कमी होतं. पण पुढचंही सांगायला पाहिजे, सहा महिन्यांनी बघितलं तर समोरासमोर उपचार घेतलेल्यांची तब्येत थोडी जास्त चांगली टिकली होती. म्हणजे फोन हा कमअस्सल नाही पण संपल्यावर अधूनमधून एखादं सेशन चालू ठेवायला हवं असं मी त्यातून घेते. कॉल तुटला तर कोण परत लावणार, किती वेळ वाट बघायची, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या, नाहीतर दोघंही एकमेकांना फोन लावत बसतात आणि दोघांनाही बिझी टोन.

कोणी म्हणेल हे मोबाईल आल्यानंतरचं खूळ आहे. तर नाही. अमेरिकेतल्या नेब्रास्कात, जिथं गावं विरळ आणि अंतरं मोठी, 1959 पासून तिथल्या विद्यापीठाचे डॉक्टर दोन्हीकडून दिसणाऱ्या टीव्हीवरून मनोरुग्णांवर उपचार करून बघत होते, आणि 1964 मध्ये 112 मैल लांबच्या सरकारी मनोरुग्णालयाला त्यांनी असाच टीव्ही जोडला. ऑस्ट्रेलियात 2012 पासून माइंडस्पॉट म्हणून सरकारी पैशावर चालणारा दवाखाना इंटरनेट आणि फोनवरून लोकांना फुकट बघतोय. लांबच्या माणसापर्यंत पोचायला हेच वापरायचं हे जगाला कधीच कळलंय.

"बोलून काय होणार" असंही लोक म्हणतात, तर नुसतं बोलणं नसतंच ते. पॅनिकमध्ये काय होतं, धडधड सुरू झाली की माणूस समजतो हार्ट अटॅक आला, त्या भीतीने धडधड अजून वाढते, ती वाढली म्हणून भीती अजून वाढते. तर त्या बाईंनी भावाला मुद्दाम तीच धडधड आणायला लावली. जागच्या जागी पळायला लावलं, स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावला, फिरत्या खुर्चीवर गरगर फिरवलं, हे सगळं स्क्रीनसमोर, त्या घड्याळ लावून बघत. प्रत्येक वेळी आधी लिहायचं किती घाबरशील शंभरातून, मग करायचं, मग परत लिहायचं. पहिल्या वेळी खुर्चीवरून उतरून तो पांढराफटक पडला होता आणि मला वाटलं ही बाई याला मारते आता, मी दारातच उभी होते (तेव्हा घरी दुसरं कोणी नव्हतं म्हणून घरी केलेलं). काही आठवड्यांनी तोच माणूस स्वतःच खुर्ची फिरवून "साठवरून वीसवर आली" सांगत होता. हे असलं काम व्हिडिओवर छान होतं, उलट आपल्याच खुर्चीवर, आपल्याच खोलीत होतं हा फायदाच.

फरक पडतोय का हे नुसतं "बरं वाटतंय" वर सोडू नका. जीएडी-7 नावाची सात प्रश्नांची साधी चाचणी असते, काळजी-भीतीसाठी, 0 ते 21 मार्क. उदासीसाठी पीएचक्यू-9, नऊ प्रश्न, 0 ते 27. यात मार्क कमी होणं चांगलं. चांगले थेरपिस्ट अधूनमधून भरून घेतात. चारसहा सेशन झाले आणि आकडा हललाच नाही तर गप्प राहून फी भरत बसायचं नाही, तोंडावर विचारायचं, पद्धत बदलायची का, औषधासाठी सायकियाट्रिस्टला दाखवायचं का. आणि पटत नसेल तर थेरपिस्ट बदला, त्यात कोणाचा अपमान नाही. आपल्याकडे माणसं भिडेपोटी नुसती फोन उचलायची बंद करतात, त्यापेक्षा एक मेसेज टाका की मला जमत नाहीये, बरेचदा तेच दुसरं नाव सुचवतात.

आता माहितीच्या सुरक्षेचं, यावर लोक हसतात, "माझं कोण काय चोरणार". फिनलंडमध्ये वास्तामो नावाची थेरपीची मोठी कंपनी होती, तिच्या हजारो पेशंटची टिपणं चोरीला गेली आणि 2020 मध्ये चोराने थेट एकेका पेशंटला ईमेल केले, पैसे दे नाहीतर तू थेरपीत बोललास ते सगळं इंटरनेटवर टाकतो. कंपनी बुडाली, आरोपीला 2024 मध्ये शिक्षा झाली, पण जे बाहेर गेलं ते गेलं. आणि चोर कशाला हवा, अमेरिकेत 2023 मध्ये बेटरहेल्प या प्रसिद्ध ॲपला तिथल्या सरकारी व्यापार आयोगाबरोबर 78 लाख डॉलरवर तडजोड करावी लागली, आरोप हा की लोकांचे ईमेल आणि प्रश्नावलीत भरलेली माहिती जाहिरातींसाठी फेसबुक वगैरे कंपन्यांना दिली. म्हणून ॲपच्या प्रश्नावलीत सगळं मनातलं ओतू नका, तिथं फक्त कामापुरतं लिहा, बाकीचं माणसाला सांगा. आणि घरात एकच फोन सगळे वापरत असतील तर नोटिफिकेशन बंद करा, त्या "उद्या तुमचं सेशन आहे" नेच बहुतेक भांडी फुटतात.

चॅटबॉटबद्दल एकच. 1966 मध्ये एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा नावाचा प्रोग्राम केला होता, तो तुमचंच वाक्य उलटून प्रश्न विचारायचा, बाकी त्याला काही कळत नव्हतं, तरी लोक त्याच्याशी मनातलं बोलायला लागले आणि बनवणाराच घाबरला. आताचे बॉट कितीतरी हुशार आहेत, रात्री दोनला झोप येत नसेल तर बोला त्याच्याशी, पण तो उपचार समजू नका. तुम्ही गेले चार दिवस आला नाहीत म्हणून फोन करणारं त्याच्याकडे कोणी नसतं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने तर 2025 मध्ये एआयने थेरपी करण्यावर कायद्यानेच बंदी घातली.

आणि काही वेळा ऑनलाइनच्या नादाला लागूच नका, तेही लिहा हो तुम्ही. कानात आवाज येतायत, कोणी मागावर आहे असं पक्कं वाटतंय, दिवसेंदिवस झोप नाही तरी अंगात प्रचंड उत्साह आणि पैसे उधळणं चाललंय, खाणं सोडून वजन झपाट्याने उतरतंय, अशा माणसाला घेऊन सरळ दवाखाना गाठा, अंतर कितीही असो. रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू घरी एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं, ते ऑनलाइन काउन्सेलिंगचं काम नाही. नवरा किंवा घरातलंच कोणी मारतंय आणि तेच फोन तपासतंय, तिथं व्हिडिओ कॉलने धोका वाढू शकतो. आणि कोणी जीव देण्याचं बोलत असेल तर पुढच्या बुधवारच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याला एकटं सोडायचं नाही, घरातली औषधं, फवारणीची रसायनं कुलपात घालायची आणि हेल्पलाईनला किंवा दवाखान्याला त्याच वेळी फोन करायचा.

आता तुमच्याकडे मागणं. पहिलं, मानसिक आरोग्याच्या प्रत्येक लेखाखाली एक छोटी चौकट द्या, हेल्पलाईनचा नंबर, नोंदणी कुठं तपासायची त्याचा पत्ता, आणि पहिल्या कॉलला विचारायचे प्रश्न. जागा नसेल तर लेखाबरोबरचा तो डोकं धरून बसलेल्या माणसाचा फोटो काढा, तेवढ्यात मावेल. आणि "मी हीलर" छाप जाहिराती त्याच पानावर घेऊ नका, वाचक दोन्ही एकच समजतो.

दुसरं जरा मोठं आहे, पण पेपरने लावून धरलं तर होईल. टेक्सासमधल्या पॉट्सबोरो नावाच्या छोट्या गावातल्या लायब्ररीने एक खोली ऑनलाइन डॉक्टरसाठी मोकळी करून दिली, आत चांगलं इंटरनेट, कॉम्प्युटर, दार लावायची सोय. बस एवढंच. लायब्ररी, शाळा, सरकारी दवाखाना, कुठलीही इमारत चालेल जिथं माणूस दहा कारणांनी जातो, म्हणजे तो कशासाठी आत गेला हे बाहेरच्याला कळत नाही. आतला आवाज बाहेर येणार नाही असं दार, आणि तासाभराची वेळ नोंदवायची वही ज्यात फक्त वेळ लिहायची, नाव आणि कारण नाही. ज्याच्याकडे गाडी नाही, स्वतःचा फोन नाही, त्याच्यासाठी मी एवढंच मागतेय. नवीन इमारती आणि योजनांच्या बातम्या तुम्ही छापताच, पुढच्या वेळी तुमच्या वार्ताहराला एवढं विचारायला सांगा की यात अशी एक खोली आहे का, आणि उत्तर आलं तर तेही छापा.

आपली,
एक नियमित वाचक